हूक नसलेला हार

८ नोव्हेंबर

घरी सांगता येत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून आजपासून ही वही. एमआरआयच्या खोलीत माणसाच्या आतलं जे काही दिसतं ते डॉक्टरांच्या आधी मला दिसतं. पण मी टेक्निशियन. चित्रं काढायची, पुढे पाठवायची आणि तोंड बंद ठेवायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मिरजेत होते तेव्हाही मी तो मोडला नाही आणि इथे कुवेतलाही नाही. शैलेश म्हणतो, "अक्षदा, तुझा चेहरा म्हणजे पुसलेली पाटी. तुझ्याशी पत्ते खेळू नयेत." नवऱ्यानं केलेलं एवढं एकच कौतुक मी जपून ठेवलं आहे.

आज सकाळी रसिका नावाची एक मराठी मुलगी आली होती. नुकतंच लग्न झालेलं, डोकं दुखतं म्हणून पाठवलेली. मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. तिनं बाकी सगळं काढलं आणि मंगळसूत्रापाशी तिचा हात थांबला. अशा वेळेसाठी माझ्या ड्रॉवरमध्ये हळदीच्या दोऱ्याचं रीळ असतं. आधी गळ्यात दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र काढायचं, म्हणजे गळा मोकळा राहत नाही. तेलुगू बायकाही यावर खूश असतात. माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे असं नाही, पण कुणाचं काम अडलेलं मला बघवत नाही.

समोरच्या खुर्चीतल्या इजिप्शियन बाई हे सगळं टक लावून बघत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ते पिवळं काय बांधलंस?" मी माझ्या हॉस्पिटली अरबीत सांगितलं. बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "म्हणजे तुला दागिन्यांची भाषा येते."

मी म्हटलं, "येते की." उगीच नाही कशाला म्हणा.

फाइलवरचं नाव वाचलं आणि लक्षात आलं, या तर सुहैरबाई. माझ्या लेकीला, जुईलीला, आठवीपर्यंत शाळेत अरबी शिकवायला होत्या. त्यांनी बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. हिरवा दगड, वर किडा कोरलेला. "सांभाळ हं याला. शेणातला किडा आहे," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन मागेच झालेलं आहे. आता पाठ दुखते म्हणून कण्याचं स्कॅनिंग. चित्रं चांगली नाहीत. मणक्यांत ते उतरलं आहे. एवढंच लिहिते.

१५ नोव्हेंबर

सुहैरबाई भेटल्याचं जुईलीला सांगितलं. आजाराचं नाही, ओळख निघाली एवढंच. तिनं चक्क फोन खाली ठेवला. "अबला सुहैर? शी वॉज द बेस्ट, आई." इजिप्तमध्ये शाळेतल्या बाईंना अबला म्हणतात. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मास्तरीण आणि अबला? आमच्या आपटेबाई बघायला हव्या होत्या त्यांनी."

जानेवारीत शाळेत प्रदर्शन आहे. जुईलीनं लगेच विषय ठरवला, प्राचीन इजिप्तचे दागिने. बाई कैरोला पुरातत्त्व शिकलेल्या, नोकरी मात्र मिळाली ती कुवेतमध्ये भारतीय मुलांना अलिफ-बे शिकवायची. विषय ऐकून त्या आज चहालाच आल्या. मिरची न घातलेले पोहे दोनदा घेतले. आमचं बोलणं अर्धं अरबीत, अर्धं इंग्रजीत.

म्हणाल्या, "दागिना सुंदर दिसायला नंतर. आधी तो काहीतरी बोलायला असतो." निळसर हिरवा म्हणजे उगवणं, पुन्हा कोंब फुटणं. लाल दगड म्हणजे रक्त, जीव. सोनं काळवंडत नाही, म्हणून ते देवांच्या अंगाचं. लहान मुलींच्या वेणीत सोन्याचा छोटा मासा अडकवायचे, पोरगी नदीत बुडू नये म्हणून. मीही मग हिरवा चुडा, काळे मणी, जोडवी, सगळं सांगितलं. बाई प्रत्येकाचा अर्थ विचारत होत्या आणि माना डोलवत होत्या. जोडव्यांचा नक्की अर्थ मला ठाऊक नव्हता, तो मी ठोकून दिला.

बाई गेल्यावर जुईली तक्ता रंगवता रंगवता काय काय सांगत होती. प्रेताबरोबर ठेवायला म्हणून जे हार करायचे, त्यांना म्हणे हूकच नसायचा, कारण ते कुणी घालायचेच नसत. मी भाजीला फोडणी देत होते. म्हटलं, सोनारानं चार पैसे वाचवले असतील, मेलेला माणूस थोडाच तक्रार करायला येतोय. जुईली म्हणाली, "यू नेव्हर लिसन."

२२ नोव्हेंबर

आज शुक्रवारची सुट्टी अम्गरात घालवली असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. सगळी कारखान्यांची वस्ती, भंगाराचे डोंगर, टाइल्स, सिमेंट, धूळ. पण बाईंना मणी विकत आणायचे नव्हते, करायचे होते. जुन्या पद्धतीनं, वाळूचं पीठ, सोडा आणि तांब्याची भुकटी कालवून. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बापाचं तिथे टाइल्सचं वर्कशॉप आहे आणि त्याच्याकडे भट्टी आहे. गाडी मी चालवली. जुईली मागे मांडीवर मण्यांचे ट्रे सांभाळत होती.

भट्टीत गेले तेव्हा ते मणी राखेच्या गोळ्यांसारखे दिसत होते. थंड होईपर्यंत आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसून कडक चहा प्यालो. दार उघडलं तर आत सगळं निळं. तोंडलीएवढ्या नळ्या, सगळ्या आकाशासारख्या निळ्या. बाई एक नळी उचलून गालाला लावून बसल्या. अजून ती कोमट असणार.

येताना त्यांना गाडीत बसवायला फार वेळ लागला. पाठ वाकत नव्हती. मी म्हटलं, "औषध घेताय ना?" त्या म्हणाल्या, "तू काही बोलू नकोस. मी तुला काही विचारणार नाही. तुझा नियम मला माहीत आहे." मला बरं वाटलं. शहाण्या माणसाशी वागणं किती सोपं असतं.

६ डिसेंबर

आमचं जेवणाचं टेबल आता टेबल राहिलेलं नाही. त्यावर हार वाढतो आहे. जुईलीचं प्रदर्शन हे निमित्त, हार बाईच करतात. नळ्यांच्या रांगांवर रांगा, गळ्यापासून पार खांद्यापर्यंत पसरणाऱ्या. आपला चपलाहार त्याच्यापुढे लहान पोरीचा वाटेल. दोन्ही टोकांना त्यांनी मातीची दोन ससाण्याची डोकी करून, भाजून, वर सोनेरी रंग दिला आहे.

मधूनच हात थरथरायला लागले की बाई सुई ठेवतात आणि गोष्ट सांगतात. आज किड्याची सांगितली. मेल्यावर म्हणे तराजूत काळीज तोलायचे. काळजाला सगळं ठाऊक असतं, ते ऐनवेळी मालकावरच उलटायचं. म्हणून त्यानं आपल्या माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये यासाठी छातीवर हिरव्या दगडाचा किडा ठेवायचे. मी म्हटलं, "आमच्याकडे चित्रगुप्त आहे. त्याला किडा दाखवून भागत नाही." बाई खूप हसल्या, मग पाठ धरून बसल्या.

गळ्यात त्यांच्या एक नवीन ताईत आहे. खांबासारखा, वर आडव्या पट्ट्या. तो म्हणजे कणा. माणूस परत ताठ उभा राहावा म्हणून. मी तिकडे बघायचं टाळलं.

मग बहिणीचं निघालं. नवाल, थोरली, तिकडे इजिप्तमध्ये दमिएट्टाला असते. आई गेली तेव्हा कोविडचे दिवस होते, विमानं बंद होती. पण नंतर सुरू झाली तरी बाई गेल्या नाहीत. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. नवालनं बोलणं टाकलं. म्हटलं, "फोन करा की." बाई म्हणाल्या, "माफी फोनवर मागायची नसते, या बिन्ती, माझ्या पोरी. दारात उभं राहून मागायची असते. मला माझ्या पायांनी त्या दारापर्यंत जायचंय."

२० डिसेंबर

बाईंनी तिकीट काढलं. तीस जानेवारी, कैरो, तिथून गाडीनं दमिएट्टा. नवालचा मुलगा झैद इथेच वफ्र्याला एका फार्मवर इंजिनिअर आहे, त्याच्याकरवी बहिणीला निरोप पाठवला. उलट निरोप आला, "ये." एकच शब्द. बाई तो शब्द दिवसभर सांगत होत्या. मी मनात म्हटलं, चला, सुटले. मी न सांगताच त्यांना जायला सुचलं. देवानं माझ्या तोंडाचं कुलूप न उघडता काम केलं.

१० जानेवारी

प्रदर्शन झालं. हार काळ्या मखमलीवर मांडला होता, लोक फोटो काढत होते. मराठी मंडळाच्या चारुशीला दातार तिथेही सगळ्यांच्या आधी हजर. म्हणाल्या, "ऑनलाइन कितीला पडला?" जुईलीला दुसरं बक्षीस. पहिलं नेहमीप्रमाणे ज्वालामुखीला.

बाई व्हीलचेअरवरून आल्या होत्या. हार त्यांनी जुईलीजवळच ठेवला. "मी इजिप्तला निघेन तेव्हा घेईन," म्हणाल्या.

१६ जानेवारी

आज पुन्हा स्कॅनिंग. गेल्या वेळेपेक्षा वाईट. खूप वाईट. माझा चेहरा तसाच ठेवला. ताईत, अंगठी परत दिली. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तू खूप चांगली आहेस कामात."

डॉक्टर औषध बदलून बघू म्हणालेत. डॉक्टर बघू म्हणतात तेव्हा त्यातून ज्याला हवं ते ऐकता येतं.

आता चौदाच दिवस. जातील, भेटतील. एवढं झालं की पुरे.

१८ जानेवारी

कपाट आवरताना हार हातात आला. दोन ससाणे एकमेकांकडे बघताहेत आणि मध्ये काही नाही. ना हूक, ना दोरा. इतके आठवडे खपून केलेली वस्तू आणि शेवटची कडीच नाही. बाईंच्या हातात आता जोर नाही, राहून गेलं असणार. आई म्हणायची, उघड्या टोकांची माळ घरात ठेवू नये, गळ्यातलं गळ्यात जाण्याजोगं हवं. मला तर शर्टाचं लोंबतं बटणसुद्धा बघवत नाही.

जुईली क्लासला गेली होती. तशीच उठले आणि मुबारकियाच्या बाजारात इद्रीसकडे गेले. माझं मंगळसूत्र तोच ओवून देतो. त्यानं हार उलटासुलटा बघितला. "भाभी, बनानेवालीने छेदही नहीं रखा. जानके बंद किया है."

"भूल गयी होंगी," मी म्हटलं. "आप लगा दो. मजबूत लगाना."

त्यानं ससाण्यांच्या मानेमागून बारीक भोकं पाडली आणि सोन्याचं पाणी दिलेला हूक बसवला. ओढून बघितला, पक्का. दमिएट्टाला बहिणीच्या दारात बाई हा हार घालून उभ्या राहतील, असं चित्र मला दिसलं. फार समाधान वाटलं.

२३ जानेवारी

आज बाई हॉस्पिटलात इंजेक्शन घ्यायला आल्या होत्या तेव्हा हार नेऊन दिला. गंमत करायची म्हणून डबा उघडून हूक लावून दाखवला, टक्. बाईंचा चेहरा एकदम पडला. मग त्यांनी हूक उघडला, लावला, पुन्हा उघडला.

"हा तू लावलास?"

"मग कोण? तुमचं राहून गेलं होतं."

"तू." माझं मनगट धरलं त्यांनी. "गेल्या आठवड्यातली माझी चित्रं तू बघितलीस?"

"बघितली. मीच काढली ना."

"आणि त्यानंतर हा हूक लावलास?"

"हो. हार घालायचा तर हूक नको का?"

बाई रडायलाच लागल्या. माझ्या कपाळाचा मुका घेतला, हबिब्ती, हबिब्ती म्हणत राहिल्या. वॉर्डातल्या नर्सनं तिथेच हार त्यांच्या गळ्यात घातला. एवढ्याशा हुकाचं माणसाला एवढं वाटतं. मलाही भरून आलं. कुणासाठी काही केलं की ते असं पोचायला हवं.

२७ जानेवारी

बाईंनी तिकीट पुढे ढकललं.

फोनवर त्यांचा आवाज अगदी ताजा होता. "आत्ता नको. व्हीलचेअरवरून नाही जायचं मला तिच्या दारात. नव्या औषधानं बळ येऊ दे. ईद झाल्यावर जाईन, चालत जाईन. आता घाई नाही."

घाई नाही हे कुणी सांगितलं यांना? डॉक्टरांनी आशा लावली असणार. त्यांचं काय जातं.

मी फोन कानाला लावून उभी होते. अबला, जा. तीसलाच जा, व्हीलचेअरवरून जा, जमेल तशा जा. सगळं जिभेवर आलं होतं. म्हटलं काय, तर "बरं, इन्शाल्ला." आपण कोण सांगणाऱ्या? रिपोर्ट डॉक्टरांचा, पेशंट डॉक्टरांचा. नियम नियम असतो. संध्याकाळी आमटीत दोनदा मीठ पडलं.

१४ फेब्रुवारी

औषध मानवलेलं नाही. बाई परत वॉर्डात. पाय हलत नाहीत.

ड्यूटी संपली की जाऊन बसते. उशाशी हार. "ईदनंतर," त्या म्हणतात. मी मान हलवते. झैदनं आईच्या व्हिजासाठी अर्ज केला आहे, कागद फिरताहेत.

२ मार्च

रमजान सुरू झाला. बाईंना बोलायला त्रास होतो. आज म्हणाल्या, "नवालला सांगा, मी येतच होते." मग माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते मला कळलं नाही. राग तरी नव्हता.

११ मार्च

सुहैरबाई आज पहाटे गेल्या. त्याच दिवशी दफनही झालं, इथेच सुलैबिखातला. नवालचा व्हिजा काल संध्याकाळी आला होता.

जुईली शाळेतून आली, दप्तर न काढता पलंगावर पडून राहिली. जवळ गेले तर भिंतीकडे तोंड केलं.

२१ मार्च

नवालबाई आज घरी आल्या. बहिणीला शेवटी शेवटी कोण भेटत होतं ते बघायचं होतं म्हणाल्या. तेच नाक, तीच बोटं, फक्त केस पांढरे. झैद खाली गाडीत थांबला.

रोजा होता, म्हणून चहाही विचारता येईना. त्या सोफ्याच्या कडेला बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी खोली रंगवली होती. चादरी घेतल्या होत्या. तीस तारखेला येणार होती ती. मग फोन आला, पाच वर्षांतला पहिला. म्हणाली, घाई नाही, माझ्याकडे वेळ आहे. म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, जी माझी चित्रं बघते तिनं."

मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, मी असं काहीही सांगितलेलं नाही.

"ती खोटं बोलायची नाही."

"मीही नाही. मी एक शब्दही बोलले नाही. विचारा हॉस्पिटलात कुणालाही. बारा वर्षांत मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

नवालबाई ठीक आहे म्हणाल्या आणि उठल्या. आयुष्यभर नियम पाळायचा आणि वर हे ऐकायचं. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बाईंनी माझं नाव असं पुढे करायला नको होतं.

२२ मार्च

सकाळी नाश्त्याला शैलेशला हे सगळं सांगत होते. म्हटलं, मी त्यांच्यासाठी काय कमी केलं? गाडीनं फिरवलं, वॉर्डात बसले, हाराला हूक लावून दिला.

जुईलीनं चमचा खाली ठेवला. "काय लावलं?"

"हूक. राहून गेला होता त्यांचा."

"आई, तो राहून नव्हता गेला." तिचा आवाज चिरकला. "इट वॉज नॉट फॉर वेअरिंग. जो हार थडग्यासाठी करतात त्याला हूक नसतो. मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, सोनारानं पैसे वाचवले."

मला आठवलं. फोडणीचा वाससुद्धा आठवला.

"अबला मला म्हणाली होती, हा मी माझ्यासाठी करतेय. त्यांच्यात आता असं काही बरोबर ठेवत नाहीत, तिला माहीत होतं. तरीपण करायचा होता. शी न्यू, आई. पहिल्यापासून."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. तू स्कॅन बघतेस." ती रडत होती. "आणि तू कधी काही सांगत नाहीस. म्हणून मीपण नाही सांगितलं."

शैलेश उठून तिच्याजवळ गेला. मी बसूनच राहिले. गेल्या आठवड्यातली चित्रं बघितलीस? बघितली. आणि त्यानंतर हूक लावलास? हो. किती नीट विचारलं होतं त्यांनी, कोर्टात विचारतात तसं, आणि मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं होतं. नियम मोडायला लागू नये म्हणून त्यांनी मला त्यांच्या भाषेत विचारलं. ती मला येते असं मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी फोनवरचा तो दिवस राहतोच. जा एवढा एक शब्द होता. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. नियमाचं नाव सांगून मी गप्प बसले, खरं तर मला भीती वाटली. माझं कुलूप, माझी पाटी. काय करायचंय त्या कौतुकाला.

२३ मार्च

हवल्लीला बाईंच्या फ्लॅटवर गेले. जुईली स्वतःहून बरोबर आली. नवालबाई जमिनीवर बसून पुस्तकं बांधत होत्या.

सांगायला सुरुवात केली, पण ऐकलेलं कळत असलं तरी माझी बोलायची अरबी म्हणजे फार तर श्वास घ्या, श्वास सोडा, हलू नका. पुढचं जुईलीनं सांगितलं. नवालबाईंनी दचकून वर बघितलं. "ही तर तिच्यासारखी बोलते," म्हणाल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. जुईलीनं काही गाळलं नाही. हूक, चित्रं, मी काय काय म्हटलं, आणि सत्तावीस तारखेला मी काय म्हटलं नाही, तेही. मीच सांगायला लावलं.

नवालबाई सुतळी बोटाला गुंडाळत होत्या. रागावतील, हाकलून देतील, असं वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"लहानपणी परीक्षेला जायची भीती वाटली," त्या म्हणाल्या, "की ती खिडकीत बसायची. कबुतर उजवीकडे उडालं तर जायचं, डावीकडे उडालं तर घरी राहायचं. डावीकडे उडेपर्यंत बसायची. माझ्या दाराला भ्यायली ती. मी पाच वर्षं ते बंद ठेवलं होतं. तू तिला कबुतर दिलंस."

मी म्हटलं, "मी जा म्हणायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणायला हवं होतंस."

मग उठल्या, आतून डबा घेऊन आल्या. निळा रंग तसाच होता, अम्गरात भट्टीचं दार उघडलं तेव्हाचा. त्यांनी हार माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हिजाब थोडा सैल केला.

मी म्हटलं, "हा... हा जिवंत माणसाचा नाहीये."

"घालण्यासाठीच हूक लावलास ना? मग घाल. माझे हात मागे पोचत नाहीत."

मला नीट दिसत नव्हतं. जुईलीनं केस बाजूला धरले. दोन्ही ससाणे मानेमागे एकत्र आणले आणि हूक लावला. टक् असा आवाज झाला. सवयीनं मी तो ओढून बघितला.

"पक्का आहे?" नवालबाईंनी विचारलं.

"पक्का आहे," मी म्हटलं.